गोटे आणि पाण्याची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

नदीच्या पात्रातला ओला गोटा किती देखणा दिसतो! काळा कुळकुळीत, मधूनच एखादी पांढरी रेघ. तोच घरी आणून टेबलावर ठेवला की थोड्या वेळात राखाडी पडतो. कोरड्या दगडाचा पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागला तरी त्यावर बारीक खाचखळगे असतात. तिथे प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि रंगावर पांढुरकी झाक चढते. पाण्याचा पातळ थर ते खळगे भरून काढतो, म्हणून ओल्या दगडाचा रंग गडद होतो. विकत मिळणारे चकचकीत गोटे एक तर यंत्रात घासलेले असतात, नाहीतर त्यांवर मेणाचा किंवा वॉर्निशसारखा थर असतो. तो थर उन्हापावसात हळूहळू उतरतो.

म्हणून घर-बाग गोट्यांनी सजवायची असेल, तर माझं म्हणणं एवढंच, की पाणी कुठे पडतं, कुठून वाहतं, कुठे साचतं ते आधी पाहा. गोट्यांची जागा तिथे. कोरड्या कोपऱ्यात रंगीत खड्यांचा ढीग ओतला की काही दिवसांत त्यावर धूळ बसते आणि मग तो नुसता पसारा होतो.

छपराच्या पागोळ्या जिथे पडतात ती जागा घ्या. उघड्या मातीवर धार पडली की चिखल उडतो आणि भिंतीचा खालचा भाग तांबडा होतो. तिथे हात-दीड हात रुंदीचा गोट्यांचा पट्टा केला, तर धार दगडांवर फुटते आणि पाणी फटींतून शांतपणे खाली उतरतं. पट्टा जोत्याच्या वर मात्र चढू देऊ नका, नाहीतर ओल भिंतीत शिरेल. बागेच्या नळाखाली, चिखल होणाऱ्या उताराच्या चरात, पाखरांसाठी ठेवलेल्या उथळ परळात गोटे असेच शोभतात आणि कामालाही येतात. परळात दोन-चार गोटे पाण्याच्या वर डोकावले, की मधमाश्यांना बसायला जागा होते, त्या बुडत नाहीत. त्यातलं पाणी आठवड्यातून दोनदा तरी बदला. गोट्यांमधल्या पाण्यात डासही सुखानं वाढतात.

आता कुंड्या. इथे एक समजूत घट्ट रुजलेली आहे, की कुंडीच्या तळाशी गोट्यांचा थर दिला म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होतो. होतं उलटंच. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि खालच्या मोठ्या फटींमध्ये ते सहजासहजी सोडत नाही. गोट्यांच्या लगतची माती चिंब भिजल्याशिवाय थेंब खाली उतरत नाही. म्हणजे जो ओलागच्च थर कुंडीच्या बुडाशी राहिला असता, तोच आपण गोटे घालून मुळांच्या जवळ उचलून आणतो. भोकावर एखादी खापरी ठेवली की माती वाहून जात नाही, तेवढं पुरे. गोटे हवेतच तर मातीच्या वर पसरा. वरच्या थरामुळे बाष्पीभवन कमी होतं, पाणी घालताना माती उडत नाही, तणही कमी उगवतं. फक्त बोट खुपसून ओल तपासायची सवय ठेवा, कारण वरून गोटे कोरडे दिसतात आणि खाली माती ओली असते.

वाफ्यातही हे आच्छादन चालतं, पण ते पालापाचोळ्यासारखं कुजून मातीला पोसत नाही. शिवाय दगड ऊन धरून ठेवतात. निवडुंगाला ते मानवतं, नाजूक मुळांच्या रोपाला नाही. खाली कापड अंथरलं म्हणजे तण कायमचं गेलं, असंही नाही. वरून पडणारी पानं आणि धूळ गोट्यांमध्ये साठून तिथेच नवी माती तयार होते आणि तण त्या कापडाच्या वरच उगवतं.

वजनाचा हिशेब गच्ची-गॅलरीवाल्यांनी जरूर करावा. एक चौरस मीटर जागेत पाच सेंटीमीटर जाडीचा थर म्हणजे साधारण ७५ ते ८० किलो दगड. गच्चीभर पसरण्याआधी इमारतीची जाण असलेल्या अभियंत्याला विचारा.

पांढऱ्याशुभ्र गोट्यांचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यातले बरेचसे संगमरवराचे असतात. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा थेंब टाकून पाहा, बुडबुडे आले तर दगड चुनखडीच्या जातीचा. असा दगड माशांच्या टाकीत पाण्याचा जडपणा वाढवतो, आणि अनंतासारख्या आम्लधर्मी माती मागणाऱ्या झाडालाही तो नकोच. सावलीत त्यावर हिरवट शेवाळ चढतं, ते वेगळंच. मळकट तपकिरी, करडे गोटे जास्त निभावून नेतात, आणि मला तरी तेच अधिक आवडतात.

रंग थोडे असले तर काही बिघडत नाही. ग्रीसमध्ये पेला नावाच्या प्राचीन शहरात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या जमिनी आहेत, नैसर्गिक गोटे चुन्याच्या गाऱ्यात बसवून केलेल्या. हरणाच्या शिकारीचं त्यातलं दृश्य प्रसिद्ध आहे आणि त्यावर ग्नोसिस या कारागिराची सही आहे. काळे, पांढरे, करडे, पिवळे-तांबूस, एवढ्या थोडक्या रंगांत माणसांच्या अंगाचे उठाव दाखवलेत! आपण निदान एका जागी दोन रंगांवर थांबावं. आकार मात्र लहानमोठे मिसळा. एकाच मापाचे गोटे ओतले की बांधकामाचं सामान पडल्यासारखं वाटतं. पायवाटेवर मोकळे गोल गोटे टाकू नका, पायाखाली सरकतात. चालायला कोनदार खडी बरी, ती एकमेकींत अडकून बसते. बाथरूममध्ये गोट्यांची फरशी करण्याची हौसही जपून करा, सांध्यांत साबणाचा राप बसतो आणि घासताना हात दुखतात.

आणायचे कुठून? नदीतून, किनाऱ्यावरून उचलायचा विचार असेल तर जरा थांबा. पात्रातल्या गोट्यांखाली कीटकांच्या अळ्या राहतात, काही मासे तिथेच अंडी घालतात. किनाऱ्यावरचे गोट्यांचे बांध लाटांचा जोर जिरवतात. इंग्लंडमधला चेसिल किनारा असाच सुमारे २९ किलोमीटर लांबीचा बांध आहे. तिथे एका टोकाला वाटाण्याएवढे गोटे आहेत आणि दुसऱ्या टोकाला ते मुठीएवढे होतात. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तर वाळू किंवा गोटे नेले म्हणून २०१७ च्या कायद्यानं दंड होतो. तेव्हा विकत घेताना माल कुठून आला, हे विक्रेत्याला विचारायला संकोच करू नका.

आणि दोन सूचना. बागेत शेकोटीची जागा करत असाल, तर तिच्या कडेला नदीतले गोटे लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो, कपच्या उडतात. घरात रांगतं मूल असेल, तर त्याच्या तोंडात मावेल असा गोटा हाताशी नको. ते मोठं होईपर्यंत त्याच्या मुठीपेक्षा मोठेच गोटे ठेवा.

नमस्कार.