झाडं आधी, सरडा नंतर

(दृश्य : स्टँडवर ठेवलेला रिकामा जाळीचा पिंजरा.)

पिंजरा रिकामा आहे आणि प्राण्यापुरता तो अजून दोन आठवडे रिकामाच राहणार आहे. इथे येणार आहे व्हेल्ड शॅमेलिऑनचं तीन महिन्यांचं पिल्लू. येमेन आणि सौदी अरेबियाचा नैऋत्य भाग हा या सरड्याचा मूळ मुलूख. हे पिल्लू मात्र पाळीव जोडीच्या अंड्यातून आलेलं आहे, रानातून पकडलेलं नाही. आज ते तळहातावर मावेल. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट दीड-दोन फूट भरतो, मादी त्याहून लहान. म्हणून पिंजरा पहिल्यापासूनच मोठा घेतलाय : दोन बाय दोन फूट, उंची चार फूट. मोठ्या पिंजऱ्यात पिल्लाला खाणं सापडत नाही, असं हमखास ऐकायला मिळतं. खाण्याची वाटी ठरलेल्या जागी टांगली की तो प्रश्न उरत नाही.

जाळी अशासाठी, की कोंडलेली दमट हवा याच्या फुप्फुसांना सोसत नाही. फक्त मागच्या बाजूला आडोसा म्हणून प्लास्टिकचा पत्रा लावलाय. स्टँड इतका उंच, की वरच्या फांद्या आपल्या डोळ्यांच्याही वर येतात. वरून जवळ येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हा प्राणी शिकारीच समजतो.

(दृश्य : कुंडीतून झाड काढताना, मुळांवरून वाहणारं पाणी.)

खरं काम इथे सुरू होतं. व्हेल्ड शॅमेलिऑन किडे खातो तशी पानंही खातो, त्यामुळे पिंजऱ्यातलं प्रत्येक पान त्याच्या तोंडात जाणार हे धरूनच झाड निवडायचं. शेफ्लेरा, फायकस बेंजामिना, जास्वंद, मनी प्लांट, स्पायडर प्लांट ही पाळणाऱ्यांच्या नेहमीच्या वापरातली झाडं. कण्हेर आणि डिफेनबाखिया कितीही देखणी असली तरी आत येणार नाहीत. प्लास्टिकच्या वेलीही नकोत. त्यावर धूळ बसते, आणि चावून गिळलेला तुकडा आतड्यात अडकतो.

रोपवाटिकेतून आणलेलं झाड तसंच उचलून आत ठेवायचं नाही. कुंडीतली माती बघा : हे पिवळसर गोल मणी हळूहळू विरघळणाऱ्या खताचे, आणि हे पांढरे हलके दाणे पर्लाइटचे. दोन्ही सरड्याच्या जिभेला चिकटू शकतात. म्हणून मुळं पाण्याखाली धरून जुनी माती पूर्ण काढायची आणि साध्या, खत नसलेल्या मातीत झाड पुन्हा लावायचं. पानं दोन्ही बाजूंनी धुवायची. कीड आणि फवारलेलं औषध पानाच्या खालच्या बाजूला जास्त राहतं. मुळांतून शोषलं जाणारं कीटकनाशक मात्र धुऊन जात नाही. झाडाला ते दिलं होतं का, हे विकत घेतानाच विचारायचं. खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर ते झाड घ्यायचं नाही.

वरची माती गोट्यांनी झाकली आहे. गोटा सरड्याच्या डोक्याहून मोठाच हवा. कुंडीत बसलेल्या किड्यावर जीभ मारली, की लहान खडा किड्याबरोबर पोटात जातो.

(दृश्य : पायाची पकड, अगदी जवळून.)

हा पाय बघा. पाच बोटं, पण दोन गठ्ठ्यांत : पुढच्या पायाला आत तीन आणि बाहेर दोन, मागच्या पायाला याच्या उलट. चिमट्यासारखी पकड. तिला पेन्सिलीएवढी जाड आणि त्याहून बारीक, अशा दोन्ही फांद्या लागतात. फांद्या आडव्या आणि वेगवेगळ्या उंचीवर बांधायच्या, एकीवरून दुसरीवर जाता येईल अशा. केबल टाय पिंजऱ्याच्या चौकटीला आवळायचा. जाळीला आवळला तर वजनाने जाळी फाटते. जास्तीचं टोक मुळाशी सपाट कापायचं, नाहीतर तेच पोटाला खरवडतं.

(दृश्य : छतावरची ट्यूब आणि दिवा.)

यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या एका भागाची, लांब ट्यूब : टी-५ एचओ (बारीक, जास्त प्रखर) प्रकारची, पाच-सहा टक्के यूव्हीबीची. सर्वांत वरची फांदी तिच्यापासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर खाली. हे अंतर छताची जाळी मध्ये धरून आहे. जाळी बऱ्यापैकी यूव्हीबी अडवते, काच तर जवळजवळ सगळंच. अतिनील किरण मोजणारा यूव्ही-मीटर असेल तर फांदीवर यूव्ही इंडेक्सचा आकडा ३ च्या आसपास यावा. ट्यूब दिसायला पेटत राहते, पण तिचं यूव्हीबी उतरत जातं. म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहायची आणि वर्षभरात ती बदलायची.

उबेचा दिवा वेगळा. पिल्लाला त्याच्याखाली २७ ते २९ अंश पुरतात, बाकी पिंजऱ्यात २२ ते २५. दिवा थेट जाळीवर टेकवू नका. पिल्लू छताला उलटं लटकत चालतं, आणि पाठ भाजली तरी ते चटकन बाजूला होत नाही. बारा तास उजेड, मग पूर्ण अंधार. रात्री लाल दिवाही नको.

(दृश्य : पानाच्या टोकावरचा थेंब; त्याला लागलेली जीभ.)

वाटीतलं साचलेलं पाणी याला सहसा कळत नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. दिवे लागण्याआधी दोन-तीन मिनिटं बारीक फवारा, दिवे विझल्यावर पुन्हा एकदा, आणि दिवसा शेफ्लेरावर सोडलेलं ठिबक. दुपारी पानं कोरडी व्हायलाच हवीत. दिवसाची आर्द्रता ४० ते ५० टक्के, रात्री ८० पर्यंत चालते. दिवसभर सगळं ओलं ठेवणं ही सर्वांत नेहमीची चूक. श्वसनाचे आजार तिथूनच सुरू होतात. खाली भोक आणि ट्रे, म्हणजे पाणी साचणार नाही.

आता दोन आठवडे हे सगळं रिकाम्या पिंजऱ्यातच चालवून बघायचं. तापमापकाची सुई वरच्या फांदीवर, मधोमध आणि तळाशी अशा तीन ठिकाणी. झाडं या उजेडात तगतात का, तेही याच काळात कळतं.

(दृश्य : पिल्लू फांदीवर चढताना.)

खाण्याला पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नसलेले रातकिडे, दर वेळी डी-३ जीवनसत्त्व नसलेल्या कॅल्शियमच्या भुकटीत हलकेच घोळलेले. रात्री उरलेले किडे काढून घ्यायचे, ते झोपलेल्या पिल्लाला चावतात. यूव्हीबी किंवा कॅल्शियम कमी पडलं तर हाडं मऊ होतात, पाय वाकतात.

मागच्या पायाची टाच बघा. नराला इथे जन्मापासून लहानसा काटा असतो; हिला नाही. म्हणजे ही मादी. काही महिन्यांत, नराशी गाठ पडो न पडो, ती अंडी घालायला लागेल. त्यासाठी ओलसर वाळूचा फूटभर खोल डबा लागतो. तो नसेल तर अंडी पोटात अडकू शकतात आणि मादी दगावू शकते. डाव्या कोपऱ्यात शेफ्लेरामागे कुंडी ठेवलेली नाही, ती जागा त्या डब्याची.