मिक्सर ओट्यावर, उशी भिंतीपाशी

(नागपुरात धरमपेठेतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

होळी झाली. आता आठ-पंधरा दिवसांत घरोघरी कूलर निघतील, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातील. कूलरकडे मी शेवटी येणार आहे. आजचा विषय आहे घरातल्या विजेच्या वस्तूंभोवतीचं चुंबकीय क्षेत्र. सुरुवात स्वयंपाकघरापासून करते, कारण या विषयाकडे मला ओढलं ते एका मुलीच्या भीतीनं.

आमच्या गल्लीतली सून, पाचवा महिना लागलेला. एका सकाळी फोन हातात घेऊन आली. म्हणाली, "काकू, ओट्यावर ठेवला तर त्रेचाळीस दाखवतो, फ्रिजजवळ साठच्या वर जातो. आणि ०.४ च्या वर गेलं की धोका असतो म्हणे." फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारं एक ॲप होतं. तिनं मायक्रोवेव्ह बंद करून ठेवला होता, मिक्सर नवऱ्याला लावायला सांगत होती, आणि दोन रात्री तिला झोप नव्हती. मी तिला घेऊन अंबाझरीच्या बागेत गेले. आजूबाजूला वायर नाही, यंत्र नाही. फोन उघडला, तिथेही त्रेचाळीसच!

मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. ते त्रेचाळीस मायक्रोटेस्ला म्हणजे आपली पृथ्वी. होकायंत्राची सुई जिच्यामुळे उत्तर दाखवते, ते स्थिर क्षेत्र आपल्या भागात साधारण चाळिशीच्या घरात असतं. फ्रिजच्या पत्र्यानं ते वळतं, म्हणून आकडा चढतो. घरातल्या विजेचं क्षेत्र वेगळं. ते सेकंदाला ५० वेळा पूर्ण उलटसुलट होतं, यालाच ५० हर्ट्झ म्हणतात. फोनमधला सेन्सर होकायंत्रासाठी बसवलेला असतो, इतक्या भरभर फिरणाऱ्या क्षेत्राचा तो भरवशाचा आकडा देऊ शकत नाही. त्यामुळे ॲपवरून घाबरू नका, आणि ॲपवरून निर्धास्तही होऊ नका.

मग ०.४ कुठून आलं? १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात वर्थायमर आणि लीपर या दोघांनी घरांजवळच्या विजेच्या तारा आणि मुलांमधला रक्ताचा कर्करोग यांची सांगड तपासली. त्यानंतर अनेक देशांत अभ्यास झाले. २००० साली ते एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्या मुलांच्या घरात दिवसभराची सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर होती, त्यांच्यात या रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. पण अशी मुलं होती शंभरातली एकसुद्धा नाही, ०.८ टक्के. एवढ्या थोड्या मुलांवरून कारण सिद्ध होत नाही. म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं या क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवलं, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की पुरावा कमकुवत आहे, पण कमी खर्चात क्षेत्र कमी करता येत असेल तर करावं. मला हे म्हणणं पटतं. तात्काळ परिणामांसाठी जी मर्यादा आहे, ती ५० हर्ट्झला २०० मायक्रोटेस्ला आहे. ती वेगळी गोष्ट, त्या दोन आकड्यांची गल्लत करायची नाही.

आता नीट ऐका. ०.४ ही सरासरी आहे. क्षणाचा आकडा नाही. सगळा घोटाळा इथेच होतो.

मिक्सर घेऊ. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९९२ मध्ये घरगुती उपकरणांचे आकडे छापले. त्यात ब्लेंडरचा मधला आकडा अर्ध्या फुटावर ७ मायक्रोटेस्ला, एका फुटावर १. अंतर दुप्पट केलं आणि क्षेत्र सातपट उतरलं. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरसारख्या गुंडाळीचं क्षेत्र ढोबळमानानं अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. अंतर दुप्पट तर क्षेत्र आठवा हिस्सा. पुस्तकातलं सूत्र ओट्यावर इतकं जवळ जुळतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आपले मिक्सर त्यांच्या ब्लेंडरपेक्षा दांडगे, खोबरं-खसखस वाटणारे. म्हणून तिप्पट धरू: पोट ओट्याला टेकवून उभं राहिलं तर २० मायक्रोटेस्ला. सावजी रस्सा असो की रोजची चटणी, मिक्सर चालतो दिवसाला १० मिनिटं. वीस गुणिले दहा, २००. दिवसाची मिनिटं १४४०. भागाकार केला की सरासरी येते ०.१४. आणि एक पाऊल मागे सरकून हात लांब करून झाकण दाबलं, तर तीही उरत नाही.

मायक्रोवेव्हचं असंच. त्याच छापील यादीत मधले आकडे एका फुटावर ४, दोन फुटांवर १, चार फुटांवर ०.२. वाटी गरम व्हायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात दुसऱ्या कामाला वळा. इथे एक खुलासा. हे क्षेत्र मागच्या ट्रान्सफॉर्मरचं, अन्न तापवणाऱ्या लहरींचं नव्हे. त्या लहरी पेटीतच राहाव्यात म्हणून दाराला जाळी आणि सील असतं. दार वाकलेलं, कडी सैल झालेली असेल तर दुरुस्त करून घ्या, ती काळजी निराळी.

इंडक्शन शेगडी या हिशेबात बसत नाही. तिची गुंडाळी सेकंदाला २० हजारांहून जास्त वेळा उलटते. ५० हर्ट्झसाठी बनवलेल्या स्वस्त मीटरला ते दिसतच नाही, म्हणून शून्याजवळचा आकडा पाहून फसू नका. भांडं लहान असेल किंवा वर्तुळाच्या बाहेर सरकलं असेल, तर क्षेत्र बाजूनं निसटतं. चहाचं छोटं पातेलं मोठ्या वर्तुळावर ठेवू नका, मागच्या शेगडीवर आधी रांधा, एवढं पुरे. छातीत पेसमेकर असेल त्यांनी मात्र दोन फूट अंतर ठेवावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

तर मग घरातली खरी जागा कोणती? जिथे आपण तासन् तास हलत नाही ती. उशी.

फ्रिज घ्या. छापील आकडा एका फुटावर ०.२, मिक्सरपुढे काहीच नाही. पण आपल्याकडे कितीतरी फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीला फ्रिजची पाठ, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे पलंगाचं डोकं. विटांची भिंत या क्षेत्राला अडवत नाही. ॲल्युमिनियमचा कागद लावूनही काही होत नाही, लोक लावतात. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, गुणिले ०.२, झाले ९६. कंप्रेसर निम्मा वेळ चालतो म्हणून ४८. मिक्सरचे धरले होते २००, पण ते पोट टेकवून. फूटभर अंतरावर राहिलं तर आठवा हिस्सा, म्हणजे मिक्सरचे उरतात पंचवीस. आवाज न करणारा फ्रिज त्याच्या पुढे गेला.

आणि इन्व्हर्टर. भारनियमनाच्या दिवसांत घरोघरी आला, आणि वायर वाचावी म्हणून बेडरूमच्या भिंतीला लागून पॅसेजमध्ये बसला. त्यात वजनदार ट्रान्सफॉर्मर असतो, चोवीस तास जोडलेला. समजा उशीपाशी त्याचं क्षेत्र १ मायक्रोटेस्ला आहे. ही माझी कल्पना आहे, मोजलेला आकडा नाही. आठ तासांचे होतात ४८०, सरासरी ०.३३. सगळं स्वयंपाकघर मिळून तेवढं होत नाही! म्हणून अंदाज करायचा तर ओट्यापासून सुरू करू नका. टेप घ्या, उशीपासून निघा. तीन-चार फुटांत भिंतीच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते बघा: इन्व्हर्टर, मुख्य बोर्ड, मीटर, फ्रिजची पाठ, कूलरची मोटर. पलंगाचं डोकं दुसऱ्या भिंतीला नेणं हा फुकटचा उपाय आहे.

आता वायरिंग. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, आणि याबद्दल कुणी विचारत नाही.

एका वायरमधून, फेजमधून, वीज जाते, दुसरीतून, न्यूट्रलमधून, परत येते. दोन्ही शेजारी असल्या तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. दोन किलोवॅटचा गीझर ९ अँपिअर घेतो. फेज आणि न्यूट्रल तीन मिलिमीटर अंतरावर असतील, तर एका फुटावर क्षेत्र ०.०६. पण परतीची वीज न्यूट्रलनं न येता दुसऱ्याच वाटेनं गेली, तर तेच क्षेत्र होतं ६. शंभरपट. गीझर तोच, बिल तेच.

असं होतं का? महाल-इतवारीतली जुनी घरं घ्या, की वाढवत वाढवत नेलेली नवी. न्यूट्रल तुटला म्हणून कुणी अर्थिंगची वायरच न्यूट्रल म्हणून जोडली. दोन मजल्यांचे न्यूट्रल आपसांत जोडले गेले. दिवा लागला, काम झालं, कारागीर गेला. मग परतीची वीज जमिनीतून, नळाच्या पाइपातून, कुठूनही वाहते, आणि जिथून वाहते तिथे क्षेत्र तर पसरतंच, शिवाय ते लोखंड जिवंत होतं.

हे तपासायला महागडा मीटर नको. वायरमनकडे टाँग टेस्टर असतो, वायरभोवती धरून वीज मोजणारा चिमटा. नेहमी तो एकाच वायरभोवती धरतात. त्याला सांगा, मुख्य बोर्डाशी फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळून चिमट्यात धर. जेवढी गेली तेवढीच परत येत असेल तर काटा शून्यावर राहील. नाही राहिला, तर तेवढी वीज घरात भलत्याच वाटेनं फिरते आहे. बोर्डावर बसणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी नावाचा स्विच हेच काम रात्रंदिवस करतो: दोन्हींतला फरक पाहतो आणि फरक दिसला की घराची वीज तोडतो. तो लावल्यावर वारंवार पडायला लागला, तर त्याला शिव्या देऊन काढून टाकू नका. तो खरं सांगतो आहे.

कूलरचं म्हणाले होते. लोखंडी टाकी, आत पाणी, पाण्यात पंप, ओली जमीन, आणि मुलं अनवाणी. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपण विदर्भात वाचतो. त्या मुलीच्या घरी मी वायरमन पाठवला तो चुंबकीय क्षेत्रासाठी. त्याचा काटा शून्यावर राहिला नाही. शोधताना सापडलं की मागच्या खोलीच्या प्लगमध्ये अर्थिंगच न्यूट्रलला जोडलेलं होतं, आणि त्याच प्लगवर दर वर्षी कूलर लागत होता. ती मायक्रोवेव्हला भीत होती, आणि ज्या टाकीत ती रोज बादलीनं पाणी ओतत होती तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हे मला फार लागलं.

मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: इन्व्हर्टर हलवायचा तर कुठे? जिना किंवा हवेशीर बाल्कनीचा आडोसा, जिथे पलीकडे कुणी झोपत नाही. बॅटरीला हवा लागते, म्हणून बंद कपाटात नको. वायर थोडी लांब होईल, ती जाड घ्या. आणि वायरमन आलाच आहे, तर कूलर बाहेर काढण्याआधी त्याच्याकडून मागच्या खोलीचा प्लग उघडून बघून घ्या.