कंपवात आणि मंदावणारी बुद्धी

श्रोतेहो, नमस्कार.

कंपवात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. 1817 साली इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असंच त्यांनी लिहिलं होतं. तो गैरसमज आजही घराघरांत आहे. त्यामुळे आजोबा बोलेनासे झाले की ‘वय झालं’ म्हणून आपण मोकळे होतो.

स्वयंपाकघरात नीट पाहा. आजोबा गॅसवर पाणी ठेवतात, साखर घालतात, दूध काढायला वळतात आणि फ्रिजचं दार धरून तसेच उभे राहतात. चहा कसा करायचा हे ते विसरलेले नसतात. पुढची पायरी सुचत नसते. ‘दूध’ एवढं म्हटलं, की हात चालू लागतो. अल्झायमरमध्ये अशी आठवण करून देण्याचा सहसा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे मुळात नोंदच नीट झालेली नसते.

असं का होतं? मेंदूच्या खोल भागातल्या डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हा खोल भाग आणि काम आखणारा कपाळामागचा भाग यांच्यात सतत देवाणघेवाण चालते, ती अडखळू लागते. शिवाय आपण निवांत बसलो असताना मेंदूचं एक जाळं जागं असतं. काम हाती घेतलं की त्यानं शांत व्हायचं आणि लक्ष देणाऱ्या जाळ्यानं पुढे यायचं. ही अदलाबदल बिघडते. आपल्याकडे चादर विणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: ताणा सैल पडला, तर एकही धागा न तुटता नक्षी बिघडते. म्हणूनच साधा एमआरआय पुष्कळदा ठीक दिसतो. रिपोर्ट चांगला आला म्हणून त्रास खोटा ठरवू नका.

पुढे ॲसिटिलकोलीन हे दुसरं रसायनही कमी पडतं. मग ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, नसलेली माणसं दिसणं सुरू होऊ शकतं. इथे गोळ्यांचा डबा उघडून बघाच. थरथर थांबवण्यासाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल हेच रसायन अडवते आणि म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढवते. सर्दीच्या आणि लघवीच्या काही गोळ्याही तेच करतात. मात्र कुठलीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. ती कशी कमी करायची हे डॉक्टरच ठरवतील. रिव्हास्टिग्मीन हे ॲसिटिलकोलीन टिकवणारं औषध काहींना उपयोगी पडतं, पण त्यानं मळमळ होते, नाडीही मंदावू शकते.

ही घसरण महिन्या-वर्षांची असते. कालपर्यंत बरे असलेले आजोबा आज बरळू लागले, तर ते कंपवाताच्या माथी मारू नका. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, अंगातलं पाणी कमी पडतं, बद्धकोष्ठ होतो, लघवीत जंतुसंसर्ग होतो. नवी गोळी सुरू झाली का, डोक्यावर पडले का, तेही विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कंपवातात उभं राहताच रक्तदाब उतरू शकतो आणि त्यानंही डोकं मंदावतं. म्हणून रक्तदाब आधी झोपवून मोजा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 नं किंवा त्याहून जास्त उतरला, तर तो डॉक्टरांसाठी लिहून ठेवा.

घरात बोलताना एका वेळी एकच गोष्ट सांगा. उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा. मधेच त्यांचं वाक्य पुरं करू नका. ते चालत असताना प्रश्न विचारू नका, उत्तर शोधताना पाय अडखळतात. आणि दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्या, अगदी दुकानातून आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून सोबत न्या.