अचलपूर : शेवटचं स्टेशन

[पडद्यावर : गवतात बुडालेले रूळ. कॅमेरा जमिनीलगत.]

या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट आहे. नेमकं सांगायचं तर ७६२ मिलिमीटर. मुंबई-नागपूर लाइनचे रूळ १६७६ मिलिमीटरवर असतात, म्हणजे दुपटीहून जास्त. या अडीच फुटांवरून शंभर वर्षांच्या आसपास माणसं गेली, कापूस गेला. लोक या गाडीला शकुंतला म्हणत. आज ती बंद आहे, आणि अचलपूर हे तिचं शेवटचं स्टेशन.

शकुंतलेवर व्हिडिओ पुष्कळ झालेत. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "भारतातली ही रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची आहे!" त्या वाक्याकडे आपण येऊच. पण आधी या गावाची ओळख करून घेऊ, कारण अचलपूरला रेल्वे किती उशिरा आली हे कळल्याशिवाय पुढचं नीट उमगत नाही.

[पडद्यावर : अचलपूरचा जुना परकोट, दरवाजे.]

अचलपूर, म्हणजे इंग्रजी कागदांतलं एलिचपूर, ही एकेकाळची वऱ्हाडची राजधानी. १४९० साली बहमनी राज्य फुटलं आणि फत्तेउल्ला इमादशहानं वऱ्हाडात स्वतःची सत्ता उभी केली. गाविलगडासारखा किल्ला पाठीशी आणि पायथ्याशी हे शहर. पुढे अहमदनगरची निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम अशा सत्ता बदलत गेल्या, तरी वऱ्हाडचा कारभार बराच काळ इथूनच चालला. १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. गावाशेजारी परतवाड्याला छावणी झाली.

मग आली रेल्वे. ती मात्र इथे आली नाही.

जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळ-नागपूर लाइन १८६७ साली नागपूरला पोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी ती खालच्या सपाटीवरून गेली. डोंगराच्या पायथ्याचं अचलपूर उत्तरेला, बाजूलाच राहिलं. नुकतंच अमेरिकेतलं यादवी युद्ध होऊन गेलं होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकन कापूस अडकला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. त्या झपाट्यात कापसाच्या बाजारपेठांना फाटे मिळाले. खामगावला १८७० मध्ये, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. अमरावतीला १८७१ मध्ये. अचलपूरला काहीच नाही.

जिथून रूळ जातात तिथे बाजार बसतो. बाजार बसला की कचेऱ्या येतात, वकील येतात, शाळा येतात. अमरावती वाढत गेली. अचलपूर जिल्ह्याचं ठिकाण होतं, तेही १९०५ साली संपलं आणि जिल्हा अमरावतीत विलीन झाला. राजधानीचं तालुक्याचं गाव झालं, आणि त्यानंतर आठ वर्षांनी, १९१३ साली, तिथे गाडीची शिटी ऐकू आली. तीही अडीच फुटी.

[पडद्यावर : नकाशा. मूर्तिजापूरहून दोन रेषा निघतात, एक खाली यवतमाळकडे, एक वर अचलपूरकडे.]

मूर्तिजापूर हे मधलं ठिकाण. तिथून दक्षिणेला कारंजा, दारव्हा मोतीबाग, लाडखेड करत ११३ किलोमीटरवर यवतमाळ. उत्तरेला लाखपुरी, दर्यापूरचं बनोसा, अंजनगाव, पथ्रोट करत ७६ किलोमीटरवर अचलपूर. यवतमाळच्या बाजूचं काम आधी, १९०३ पासूनचं. दारव्ह्याहून पुसदला एक फाटा होता, त्याचे रूळ तर फार पूर्वीच उखडले गेले. पुलगाव-आर्वी ही छोटी लाइनही याच कुटुंबातली.

नॅरोगेजच का? पैसा. अरुंद रुळाला भराव कमी लागतो, पूल हलके चालतात, वळणं जरा जास्त घेता येतात, इंजिन छोटं पुरतं. भांडवल घालणाऱ्याला भीती कमी. पण ही बचत ज्याला भोवायची तो माणूस मूर्तिजापूरला उभा असायचा.

तो हमाल. अचलपूर-अंजनगावचा कापूस जिनात सरकी काढून, प्रेसमध्ये दाबून गाठी होऊन यायचा. एक गाठ साधारण ४०० पौंडांची, म्हणजे १८० किलोच्या आसपास. छोट्या डब्यात चढवलेली ही गाठ मूर्तिजापूरला उतरवायची आणि पलीकडच्या मोठ्या लाइनच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, पुन्हा चढवायची. रुळांची रुंदी बदलली की डबा पुढे जाऊ शकत नाही, माल मात्र गेलाच पाहिजे. प्रत्येक गाठ दोनदा उचलली जायची. वेळ जायचा, हमाली लागायची, पावसाळ्यात माल भिजायचा. पुढे ट्रक आला तेव्हा त्यानं रेल्वेला इथेच गाठलं. जिनाच्या दारात भरायचा आणि थेट गिरणीच्या दारात उतरवायचा, मध्ये मूर्तिजापूर नाहीच.

इथे आणखी एका समजुतीबद्दल बोलायला हवं. हा कापूस मँचेस्टरला जायचा असं सर्रास सांगितलं जातं. शकुंतला सुरू झाली त्या काळात वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांना आणि जपानला जात होता. जपान तेव्हा हिंदुस्थानी कापसाचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक होतं. मँचेस्टरच्या परिसरातल्या, म्हणजे लँकेशायरच्या, गिरण्यांना लांब धागा हवा असायचा, आपला कापूस त्यांना फारसा रुचत नसे. मँचेस्टरहून इकडे आलं ते इंजिन. झेडडी जातीचं, १९२१ साली बांधलेलं, १९२३ पासून या लाइनवर धावू लागलेलं. कोळसा खात, पाणी पीत ते सत्तर वर्षं ओढत राहिलं. १५ एप्रिल १९९४ ला त्याला विश्रांती मिळाली आणि डिझेल आलं. देशात संगणकावर तिकिटं निघायला लागली होती, तेव्हा वऱ्हाडात वाफेचं इंजिन रोजच्या कामावर होतं.

[पडद्यावर : जुन्या सिग्नलचा खांब, जवळून.]

या लाइनवरच्या जुन्या सिग्नलांवर लिव्हरपूल आणि १८९५ अशी अक्षरं ओतलेली होती. म्हणजे सिग्नल लाइनपेक्षा म्हातारा.

आता त्या ठरलेल्या वाक्याकडे येऊ. मालक कोण?

किलिक निक्सन ही मुंबईतली पेढी. १८५७ ची. मालक इंग्रज, धंदा मुंबईचा. दुसऱ्यांच्या कंपन्या उभ्या करून त्यांचा कारभार बघायचा, हा अशा पेढ्यांचा व्यवसाय. छोट्या रेल्वे लाइनींसाठी मुंबईच्या बाजारात शेअर विकून भांडवल जमवायचं, लाइन बांधायची आणि ती चालवायला मोठ्या रेल्वेकडे द्यायची. इथे १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी निघाली, आणि गाड्या चालवायचं काम जीआयपीकडे गेलं. रूळ, स्टेशनं एकाची आणि इंजिन, ड्रायव्हर, गार्ड दुसऱ्याचे. उत्पन्नात कंपनीचा वाटा. करार ठरावीक मुदतीचा, मुदत संपली की पुन्हा दहा वर्षं.

१९२५ साली जीआयपी सरकारच्या ताब्यात आली, १९५१ साली तिची मध्य रेल्वे झाली. करार तसाच. सोलापूरकडची बार्शी लाइट रेल्वे, तीही अडीच फुटी आणि खाजगी, सरकारनं १९५४ मध्ये विकत घेऊन टाकली. शकुंतला राहिली. स्वातंत्र्यानंतर किलिकची मालकी भारतीयांकडे गेली. तेव्हा "राणीला अजून भाडं जातं" वगैरे ऐकायला झणझणीत वाटतं, पण भाडं मागणारी कंपनी मुंबईचीच होती.

आणि मला वाटतं, खरी गोष्ट त्या झणझणीत गोष्टीपेक्षा वाईट आहे. इंग्रजांनी लुटलं म्हणून हे स्टेशन बंद पडलं असतं तर निदान कुणावर तरी रागावता आलं असतं. इथे घडलं असं, की रूळ ज्याचे त्याला नवे टाकण्यात रस नव्हता, कारण गाडी तो चालवत नव्हता. गाडी जो चालवत होता तो म्हणायचा, दुसऱ्याच्या रुळांवर मी पैसा का घालू? वाट्यावरून दोघांची थकबाकीची कुरबुर. दर दहा वर्षांनी सरकारपुढे प्रश्न यायचा, घ्यायची की सोडायची? आणि दर वेळी मुदतवाढ. ज्या कागदानं ही लाइन उभी केली त्यानंच तिला ना वाढू दिलं, ना धड मरू दिलं.

[पडद्यावर : फाटक. रस्त्यावरून एसटी जाते.]

दरम्यान कापूस गेला. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याचा कापूस सरकारी केंद्रावर जाऊ लागला, आणि केंद्रावरून तो ट्रकनं हलायचा. पूर्वी बैलबंड्यांची रांग स्टेशनाकडे लागायची, ती आता केंद्राच्या फाटकापाशी लागू लागली. रेल्वेकडे राहिली फक्त माणसं, आणि त्यांतही ज्यांना एसटीचं भाडं परवडत नव्हतं ती. शेतमजूर, बाजाराला निघालेल्या बायका, शाळेची पोरं, कारंज्याला गुरुमंदिरात जाणारे भाविक, बहिरमच्या जत्रेचे लोक. टोपली, पोतं, कोंबडी, सगळं डब्यात.

माणसं कमी झाली तशी रेल्वेनं नोकरही कमी केले. स्टेशनांवर मास्तर उरले नाहीत. तिकिटं गार्डच द्यायचा. रस्ता आला की गाडी थांबायची, गाडीतलाच एक जण खाली उतरायचा, फाटक लावायचा. गाडी फाटक ओलांडून पुन्हा थांबायची. हा फाटक उघडायचा, धावत जाऊन शेवटच्या डब्यात चढायचा, मग पुढे. असं प्रत्येक फाटकाला. अशा गाडीला वेग कुठून येणार? चालत्या गाडीतून उतरून, लघवी करून परत चढता यायचं, हा विनोद तुम्हाला इथेही ऐकवला जाईल. देशातल्या प्रत्येक नॅरोगेज गाडीबद्दल तो सांगितला जातो, आणि जो सांगतो त्यानं तो हमखास स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो.

विनोद बाजूला ठेवू. वेग कमी होता तो रूळ थकले होते म्हणून. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा भराव दर वर्षी नीट करावा लागतो. तो होईनासा झाला की वेगावर मर्यादा येते. वेग उतरला की प्रवासी उतरतात. प्रवासी उतरले की खर्च कशाला, असं फायलीवर लिहिता येतं. गाडी अधूनमधून बंद व्हायची, लोक ओरडले की सुरू व्हायची. गेल्या दशकात दोन्ही बाजू बंद पडल्या त्या पडल्याच. २०१६ च्या सुमारास ब्रॉडगेजची, म्हणजे मोठ्या लाइनच्या रुंदीचे रूळ टाकण्याची, घोषणा झाली, पेढेही वाटले गेले. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरच्या लोकांनी त्यानंतर आंदोलनं केली, निवेदनं दिली.

[पडद्यावर : अचलपूर स्टेशनचा फलाट.]

हा फलाट जवळजवळ जमिनीसरसाच आहे. नॅरोगेजचे डबे ठेंगणे, त्यांना उंच फलाट लागत नाही. ब्रॉडगेज आलं तर यातलं काहीही चालणार नाही. फलाट नवा, पूल नवे, भराव रुंद, वळणं सैल करायला जादा जमीन. "गेज बदल" असा शब्द कागदावर असला तरी प्रत्यक्षात ते जुन्या वाटेवर नवी रेल्वे बांधणं आहे. त्यामुळे लाइन आहेच, फक्त रुंद करायची, असं कुणी सभेत सांगितलं तर टाळी वाजवण्याआधी थोडं थांबावं.

यवतमाळला निदान दुसरी वाट निघाली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी ब्रॉडगेज लाइन, तिच्यावरचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. शकुंतलेच्या रुळांशी तिचा संबंध नाही, ती दुसऱ्याच बाजूनं येते. अचलपूरच्या बाजूला अशी पर्यायी लाइन नाही. उत्तरेला मेळघाट, म्हणजे डोंगर आणि वाघांचं जंगल. रूळ यायचे तर ते दक्षिणेकडूनच, मूर्तिजापूर किंवा अमरावतीकडून.

तोवर परतवाड्याच्या एसटी स्टँडवर अमरावतीची गाडी लागते. मुंबईला जाणारा अमरावती किंवा बडनेरा गाठतो, आणि मग रेल्वे. जुळे शहर म्हणून अचलपूर-परतवाड्याची वस्ती दर जनगणनेत वाढते आहे. संत्री इथून ट्रकनं जातात, मेळघाटचं सागवान परतवाड्याच्या डेपोतून ट्रकनं जातं. यातला किती माल रेल्वेनं जाऊ शकेल, हा हिशेब मांडल्याशिवाय ब्रॉडगेजची मागणी पुढे सरकणार नाही. १९१० साली किलिक निक्सननं तो कापसापुरता मांडला होता.