विकणारा खरं बोलतोय, पण हिरा?

वापरलेली हिऱ्याची अंगठी ऑनलाइन घ्यायची, तीही एखाद्या खाजगी माणसाकडून, असा विषय निघाला की ऐकणाऱ्यांना भामट्यांच्या गोष्टी हव्या असतात. भामटे आहेत, त्यांच्याबद्दलही बोलू. पण मला जास्त काळजी वाटते ती प्रामाणिक विक्रेत्याची. कुणाला अंगठी वारशाने आलेली असते, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलेलं असतं, कुणाला पैशांची नड असते. असा माणूस ‘एक कॅरेटचा अस्सल हिरा आहे’ असं लिहितो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला कुणीतरी तसं सांगितलेलं असतं, आणि सांगणाऱ्यालाही आणखी कुणीतरी. भामट्याचा निदान संशय तरी येतो. समोरचा माणूस भला वाटला की आपण निर्धास्त होतो आणि तपासायचं राहून जातं.

तेव्हा माणसाची पारख आणि खड्याची पारख ही दोन वेगळी कामं आहेत, एवढं धरून पुढे जाऊ.

‘अंगठी आजीची आहे’ हे वाक्य घ्या. ते खरं असेलही. पण खडा आजीचाच कशावरून? अंगठी पन्नास-साठ वर्षं वापरात असेल तर ती दुरुस्तीला गेलेली असते, मापात कमी-जास्त केलेली असते, एखाद्या वेळी खडा पडून दुसरा बसवलेला असतो. कधी ते मालकाला माहीत असतं, कधी नसतं. इथे तारखा थोड्या कामाला येतात. क्यूबिक झिरकोनिया, म्हणजे ज्याला आपण अमेरिकन डायमंड म्हणतो तो खडा, बाजारात मोठ्या प्रमाणावर आला 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात. मॉयसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखं दिसणारं आणखी एक रत्न, दागिन्यांत आलं 1990च्या दशकाच्या अखेरीस. अंगठी खरोखरच त्याहून कितीतरी जुनी आणि आतला खडा मॉयसनाइटचा, असं निघालं तर त्याचा अर्थ एकच: खडा मागाहून बदलला आहे. विकणाऱ्याने बदलला असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

घरच्या घरी करायच्या परीक्षा सगळ्यांना पाठ असतात. काचेवर ओरखडा उमटला की हिरा. काच फारच मऊ असते हो. खड्यांची कठिणता सांगणाऱ्या मोह्स मापावर ती साधारण साडेपाचला येते. क्यूबिक झिरकोनिया आठच्या वर, नीलम नऊ, मॉयसनाइट सव्वानऊ. हे सगळेच काच खरवडतात, त्यामुळे या परीक्षेत कुणी नापास होतच नाही. दुसरी समजूत याहून वाईट: खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही. फुटतो. कठीण असणं म्हणजे ओरखडा न पडणं. न फुटणं हा गुण निराळा. हिऱ्याच्या स्फटिकाला चार दिशांनी चिरण्याची पातळी असते, त्या दिशेने फटका बसला की तो दुभंगतो. हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर शतकानुशतकं याच गुणावर काम करत आले. म्हणून वापरलेल्या अंगठीत आधी पाहायची ती खड्याची कड. वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात त्या कडेला गर्डल म्हणतात, आणि टवके बहुतेक वेळा तिथेच उडालेले असतात. चौकोनी किंवा टोकदार आकाराच्या खड्यांचे कोपरेही बघावेत. खडा धरून ठेवणारी अंगठीची टोकं, ज्यांना प्राँग म्हणतात, बऱ्याचदा नेमकी टवक्यावर बसलेली असतात. नव्या बसवणीत हे मुद्दाम केलेलं असू शकतं, आणि त्यात गैरही काही नाही, फक्त ते आपल्याला कळायला हवं.

मग लोक हिरा तपासायचं छोटं यंत्र मागवतात. ते उष्णतेवर चालतं. हिरा उष्णता तांब्याहूनही कितीतरी चांगली वाहून नेतो, त्यामुळे झिरकोनिया आणि काच लगेच उघडी पडतात. मॉयसनाइट मात्र या यंत्राला फसवतं, कारण तेही उष्णता बऱ्यापैकी वाहून नेतं. हे सिलिकॉन कार्बाइड, 1893 साली आंरी मॉयसां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला अ‍ॅरिझोनातल्या उल्काविवरातल्या नमुन्यांत सापडलं. हा माणूस स्वतः रसायनशास्त्रज्ञ, आणि त्यालाही सुरुवातीला ते हिरेच वाटले होते! दहापट भिंगातून खडा थोडा तिरका धरून पाहिला तर मॉयसनाइटमध्ये मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात तसं दिसत नाही. सवय झाली की डोळ्याला ते कळतं, पहिल्या दिवशी कळेलच असं नाही.

खरी पंचाईत आहे ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याची. तो नकली नाही. तोही कार्बनच, रचना तीच, कठिणता तीच, त्यामुळे उष्णतेचं यंत्र त्याला हिराच म्हणतं, आणि ते बरोबरच म्हणतं. साध्या भिंगातून अनुभवी सराफालाही खात्रीने फरक सांगता येत नाही. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेत 1954 सालीच असा हिरा तयार झाला होता, पण दागिन्यात शोभणारे मोठे, रंगहीन खडे सर्रास मिळू लागले ते गेल्या दहा-बारा वर्षांत. त्यांच्या किमती या काळात फार घसरल्या. म्हणजे विकणाऱ्याने काही वर्षांपूर्वी जे मोजलं, त्याहून कितीतरी कमी पैशांत आज तसाच नवा हिरा मिळतो. ज्याला तो भेट मिळाला त्याला तो नैसर्गिक नाही हे ठाऊक नसणंही शक्य आहे, कारण भेट देणाऱ्याने ते सांगितलेलंच नसतं. इथे निवाडा फक्त प्रयोगशाळाच करू शकते.

आता कागदांकडे. अंगठीसोबत दोन तऱ्हेचे कागद येतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक असतो विम्यासाठी केलेल्या मूल्यांकनाचा. त्यावर मोठा आकडा असतो, कारण अंगठी हरवली तर तशीच नवी दुकानातून घ्यायला किती लागतील, हे तो सांगतो. त्यात नव्या दागिन्याची घडणावळ आणि दुकानदाराचा नफाही धरलेला असतो. जाहिरातीत ‘मूल्यांकन इतकं, विकतोय त्याच्या निम्म्यात’ असं लिहिलेलं असतं ते या कागदाच्या जोरावर. ती निम्मी किंमतसुद्धा जास्त असू शकते.

दुसरा कागद प्रयोगशाळेच्या प्रतवारीचा. यात जीआयए ही अमेरिकेतली, 1931 साली स्थापन झालेली संस्था सगळ्यांत परिचित. डीपासून झेडपर्यंतची रंगाची श्रेणी तिचीच. ए, बी, सी ही अक्षरं आधीच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या मर्जीप्रमाणे वापरून घोळ घालून ठेवला होता, म्हणून सुरुवातच डीपासून केली. या अहवालात किंमत नसते. वजन असतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतची मापं असतात, रंग आणि निर्मळता असते, आणि पूर्ण अहवाल असेल तर आतल्या दोषांचा नकाशाही असतो. अहवालाचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की नोंद समोर येते. ती जरूर पाहा, पण तिच्यावर थांबू नका. नोंद खरी आहे याचा अर्थ असा हिरा जगात आहे. तो या अंगठीत आहे हे अजून ठरायचं आहे.

यासाठी पुष्कळ हिऱ्यांच्या गर्डलवर लेझरने अहवालाचा क्रमांक कोरलेला असतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही सांगायचो, क्रमांक जुळला की झालं. आता तसं सांगता येत नाही. दुसऱ्याच एका नैसर्गिक हिऱ्याचा खरा क्रमांक प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर कोरून तो खपवण्याचे प्रकार जीआयएने 2021 साली स्वतःच जाहीर केले होते. त्यासाठी वजनाला आणि मापाला जवळचा खडा शोधतात. म्हणून क्रमांक जुळल्यावर मापं जुळवायची, आणि मापं जुळल्यावर आतले दोष नकाशाशी ताडून पाहायचे. कोरलेलं अक्षर खोटं पाडता येतं. दगडाच्या पोटातला बारीक पिसासारखा तडा हव्या त्या जागी उमटवता येत नाही. गिऱ्हाईक ज्याला डाग म्हणून नाक मुरडतं, तीच त्या खड्याची ओळख असते.

अहवाल कोणत्या प्रयोगशाळेचा हेही पाहायचं. सगळ्यांचे निकष सारखे कडक नसतात. एकच खडा दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या श्रेणी घेऊन येऊ शकतो. ज्या संस्थेचं नाव तुमच्या पारख्यानेही ऐकलेलं नाही, तिचा अहवाल नाहीच असं समजून भाव ठरवावा.

आणि अहवाल नसेलच तर? जुन्या अंगठ्यांना बहुधा नसतो. तेव्हा विक्रेत्याच्या ‘एक कॅरेट’ची निदान ढोबळ तपासणी करता येते. कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, आणि नीट प्रमाणात पैलू पाडलेल्या एक कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण साडेसहा मिलिमीटर भरतो. अंगठीशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. पाच मिलिमीटर दिसत असेल तर तो खडा अर्धा कॅरेटच्या आसपास आहे, मग विकणारा कितीही सज्जन असो. जुन्या पद्धतीचे खडे जास्त खोल असतात, तिथे हा हिशेब थोडा चुकतो. बसवलेल्या खड्याचं वजन नेमकं काढता येत नाही, पिवळ्या सोन्यात रंगाचा अंदाज डळमळतो, आणि प्राँगखालचे दोष झाकले जातात. म्हणून पारखी बसवलेल्या खड्याबद्दल ‘या श्रेणीपासून त्या श्रेणीपर्यंत’ असंच बोलतो. अशा वेळी घेणाऱ्याने खालच्या टोकाचा भाव द्यावा. वरच्या टोकाचा भाव विकणाऱ्याला हवा असेल तर त्याने खडा सोडवून, तपासून आणावा.

एका गोष्टीची मात्र आवर्जून विचारणा करा: तडे भरलेले आहेत का? हिऱ्यातल्या फटीत काचेसारखा पदार्थ भरला की डोळ्याला खडा स्वच्छ दिसू लागतो. भिंगाखाली हलवून पाहताना त्या फटीत नारिंगी-निळी झाक चमकून जाते. पुढे तुम्ही अंगठी मापाची करायला दिलीत आणि सोनाराने ज्योत लावली, की हे भरण बिघडू शकतं. दोष सोनाराच्या माथी येतो, खरेदी महिन्यापूर्वीची असते, आणि विक्रेता फोन उचलत नाही.

धातूबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अंगठीवरच्या शिक्क्यात 750 म्हणजे अठरा कॅरेट सोनं, 585 म्हणजे चौदा, प्लॅटिनमवर 950. शिक्का हा दावा आहे, पुरावा नव्हे. पारख्याकडे तोही तपासून होतो. प्राँग झिजले असतील तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

प्रत्यक्ष व्यवहार कसा करावा? तुम्ही निवडलेल्या, दोघांशीही हितसंबंध नसलेल्या पारख्याकडे दोघांनी भेटावं, तपासणीची फी तुम्ही द्यावी, आणि पैसे तपासणीनंतर द्यावेत. विक्रेत्याने सुचवलेला पारखी नको. गावं दूर असतील तर पैसे मध्यस्थ सेवेकडे ठेवता येतात, पण त्या सेवेचा दुवा विक्रेत्याने पाठवलेला असेल तर तो उघडूही नका. खोट्या मध्यस्थांची संकेतस्थळं हा भामट्यांचा ठरलेला धंदा आहे. मित्राला किंवा घरच्यांना पैसे पाठवण्याच्या सोयीतून रक्कम देऊ नका, कारण खरेदीला मिळणारं संरक्षण तिथे लागू होत नाही. अनेक कुरियर कंपन्या दागिन्यांची जबाबदारीच घेत नाहीत, तेव्हा विम्याची अट वाचून मगच पाठवणी ठरवावी. मूळ बिल किंवा वारशाचा काही पुरावा मागायला संकोच करू नये. वस्तू चोरीची निघाली तर तुम्ही पूर्ण पैसे मोजलेत म्हणून ती तुमची होते असं अनेक ठिकाणचा कायदा मानत नाही.

चार ओळींचा लेखी करार करा: हिरा नैसर्गिक आहे, त्यावर प्रक्रिया केलेली नाही, प्रयोगशाळेने वेगळं सांगितलं तर इतक्या दिवसांत अंगठी परत आणि पैसे परत. इथे एक गंमत होते. भामटा सही करायला कचरत नाही, कारण त्याने दिलेला पत्ताच खोटा असतो. कचरतो तो प्रामाणिक माणूस, कारण त्याला खरोखरच माहीत नसतं. त्याच्या संकोचाला लबाडी समजू नका. त्याला म्हणा, तुम्हाला माहीत नाही हे मला मान्य आहे, पण मग ‘माहीत नाही’ याच भावाने मी अंगठी घेईन.

एकदा एका ताईंनी विचारलं, तपासणीत हिरा सांगितल्यापेक्षा चांगला निघाला तर? असं होतं, क्वचित होतं. विकणाऱ्याला आईची साधी अंगठी वाटत असते आणि आत उत्तम प्रतीचा जुना खडा असतो. तुम्ही दोघंही पारख्याच्या टेबलापाशी बसलेले असाल तर प्रश्न उरत नाही, दोघांनाही एकाच वेळी कळतं. विकणारा भाव वाढवून मागेल, आणि तो त्याचा हक्क आहे. कधी कधी तो विकायचं रद्द करून अंगठी घेऊन घरी जातो, आणि तुमच्याकडे उरते फक्त तपासणीच्या फीची पावती.