मैदान पणजीत, फैसला पर्वरीला

नमस्कार मंडळी, चहा झाला का? नसला तर ठेवा गॅसवर, तोवर मी सुरू करतो. परवा पणजीला आझाद मैदानावर गेलो होतो, निदर्शनं होती. माझ्या शेजारी सत्तरीतली एक आजी, मांडीवर छत्री, वाटलेल्या पत्रकाची घडी करून वारा घेत बसलेली. स्टेजवर कोण काय बोलतंय तिकडे तिचं अजिबात लक्ष नव्हतं. मध्येच मला म्हणाली, "बाबा, हें कागदार केन्ना येतलें?"

आता सांगा, हे कागदावर कधी येणार याला काय उत्तर देणार.

म्हणजे येतं कागदावर, येत नाही असं नाही. १ नोव्हेंबर २०२० ची रात्र आठवते ना, गोव्यातल्या चांदर गावात माणसं रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसली, मेणबत्त्या घेऊन, म्हातारीकोतारी पण होती, मोलेचं जंगल कापून डबल ट्रॅक नको म्हणून. पण नुसतं बसून राहिले असते तर दुसऱ्या दिवशी पेपरात एक फोटो, बस्स. कोणीतरी फाईली गोळा केल्या, कोर्टात गेले, आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅसलरॉक ते कुळे डबल ट्रॅकला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. दीड वर्ष लागलं, आणि आपल्याकडे दीड वर्ष म्हणजे फास्टच म्हणायचं. आमच्या घराची मुंडकार केस (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या हक्काची) वडिलांच्या वेळेपासून मामलेदाराकडे आहे, तारखेला गेलं की कळतं साहेब इलेक्शन ड्युटीवर. फाईल ठेवायची पिशवी तीनदा बदलली, फाईल तीच.

पण आजीचा प्रश्न जंगलाचा नव्हताच बहुतेक, मताचा होता. जुलै २०१९ मध्ये गोव्यात काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार एका फटक्यात भाजपात गेले. म्हणून २०२२ च्या इलेक्शनआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पक्ष सोडणार नाही म्हणून देवळात, क्रॉसकडे, दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या, आणि सप्टेंबरात ११ पैकी ८ गेलेच! देवालासुद्धा साक्षीदार म्हणून बोलावून उपयोग झाला नाही तिथे कोर्ट काय करणार, असं आमच्या तिंट्यावरचे, म्हणजे नाक्यावरचे लोक म्हणतात, आणि हसतात, पण ते हसणं काय खरं नव्हे.

गोम कुठे आहे बघा. दोन तृतीयांश आमदार गेले की कायदा त्याला विलीनीकरण म्हणतो, म्हणजे आमदारकी जात नाही, आणि अपात्र ठरवायचं की नाही हे ठरवणार सभापती, जे स्वतःच कुठल्यातरी पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये मणिपूरच्या केसमध्ये सांगितलं की साधारण तीन महिन्यांत निकाल द्या, हे काम सभापतींकडे ठेवायचं का याचाही संसदेने विचार करावा. २०२५ मध्ये तेलंगणाच्या केसमध्ये परत तेच. आणि आपल्याकडे? २०२२ च्या पक्षांतराविरुद्धचा अपात्रतेचा अर्ज सभापतींनी फेटाळला तो २०२४ च्या नोव्हेंबरात. तोवर अर्धी टर्म संपली की हो!

मला विचाराल तर पुढच्या मोर्चाची मागणी हीच असावी, एकच, आणि ती घोषणेपेक्षा कायद्याच्या भाषेत लिहून न्यावी: निकाल सभापतींऐवजी स्वतंत्र लवादाने द्यायचा, आणि तारीख ठरवून द्यायचा. दहावं परिशिष्ट, म्हणजे घटनेतला पक्षांतरबंदीचा कायदा, बदलायचं तर संसदेत, म्हणजे आपल्या दोन खासदारांना धरायचं, लोकसभेला मत मागायला दारात येतील तेव्हाच. विधानसभा आणि हायकोर्ट दोन्ही पर्वरीलाच आहेत, आपण मात्र मांडवीच्या अलीकडे मैदानावर घसा सुकवतो.

आजीला हे सगळं सांगायला घेतलं होतं, पण ती मध्येच उठली, वाळपयची बस चुकली असती तिची. छत्री बगलेत मारली, पत्रकाची घडी उलगडून एकदा बघितली, परत घातली आणि पिशवीत तळाला ठेवून दिली.