चाकाला हलू द्या
(डेट्रॉइट परिसरातल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. ऑगस्ट आला की वुडवर्ड अव्हेन्यूवर काय चालतं, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. १९९५पासून ड्रीम क्रूझच्या निमित्ताने तिथे जुन्या गाड्यांची रीघ लागते. आपल्यातल्याही काही जणांनी आता अशा गाड्या घेतल्यात. सुरुवातीचे दिवस इंजिनच्या आवाजातच जातात. मग कधीतरी हायवेवरून उतरताना रॅम्पच्या गोल वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, स्टिअरिंग फिरवलं तरी नाक उशिरा वळतं, आणि मालक घरी येऊन बाजारातल्या सगळ्यांत कडक स्प्रिंगा शोधायला बसतो. मला आज नेमकं तेच होऊ द्यायचं नाहीये. म्हणून बोलायचंय ते सस्पेन्शनबद्दल, म्हणजे चाकांना गाडीशी जोडणाऱ्या आर्म-स्प्रिंगांच्या मांडणीबद्दल.

मी उदाहरण म्हणून जनरल मोटर्सच्या ‘ए-बॉडी’ गाड्या घेतो. १९६४ ते १९७२ या काळातल्या पॉन्टिअॅक जीटीओ, शेव्हरोले शेव्हेल, ओल्ड्समोबील ४४२, ब्यूक ग्रॅन स्पोर्ट. वरचं रूप वेगवेगळं असलं तरी खालची मांडणी एकच. पुढे दर चाकाला दोन कंट्रोल आर्म, म्हणजे चाक चासीशी जोडून वरखाली हलू देणारे दांडे, एक वर, एक खाली, मध्ये कॉइल स्प्रिंग. मागे अख्खा अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस, त्याला धरून ठेवणारे चार आर्म आणि कॉइल स्प्रिंगा. मुळात ही साध्या कौटुंबिक गाडीची चौकट. १९६४ साली पॉन्टिअॅकने तिच्यात ३८९ घनइंचांचं, ३२५ हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं आणि जीटीओ जन्माला आली. इंजिन वाढलं, पण चाकं धरणारी भूमिती तीच राहिली.

ही भूमिती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. ती त्या काळच्या टायरांसाठी होती. तेव्हाचे बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या थरांचे) टायर अरुंद असत. पॉवर स्टिअरिंग सगळ्यांकडे नसे. गाडी उभी असताना स्टिअरिंग हलकं फिरावं म्हणून कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा मागचा कल, शून्याच्या आसपास ठेवत, कधी उणेसुद्धा. रेडियल, म्हणजे आजचे नेहमीचे टायर अमेरिकी कारखान्यांनी सरसकट स्वीकारले ते सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. आज तुम्ही त्याच गाडीला २३५/६० आर १५ मापाचे रेडियल लावता आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, मात्र छापील जुन्या पुस्तकातून करून घेता. गाडी रस्ता धरत नाही याचं अर्धं कारण इथेच आहे.

म्हणून पहिलं काम अलाइनमेंट. पॉवर स्टिअरिंग असेल तर कॅस्टर अधिक तीन ते पाच अंश, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल; उणे म्हणजे माथा आत) उणे अर्ध्या अंशाच्या आसपास, टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या असणं) दीड ते तीन मिलीमीटर. ए-बॉडीत वरच्या आर्मची शाफ्ट आणि चासीचा ब्रॅकेट यांच्यामध्ये पातळ शिम (धातूच्या चकत्या) घालून हे जमवतात. मूळ आर्मवर एवढा कॅस्टर मिळवायला शिमांची थप्पी लावावी लागते आणि ती एका मर्यादेपुढे सुरक्षित राहत नाही. अशा वेळी बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांना जोडणारा गोल सांधा) मागे सरकवून बनवलेले वरचे आर्म मिळतात, ते घ्या. सरळ रस्त्यावर सतत स्टिअरिंग सावरत बसावं लागतं ना, ते निम्म्याहून कमी होतं.

पण त्याच्याही आधी गाडी जॅकवर घ्या आणि चाक दोन्ही हातांनी वरखाली, मग आडवं हलवून बघा. बॉल जॉइंट खिळखिळे असतील, टाय-रॉडच्या (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) टोकांना प्ले, म्हणजे ढिलेपणा असेल, रबरी बुश (आर्मच्या सांध्यांतली नळकांडी) चिरलेले असतील, तर त्यावर कितीही महाग सामान लावा, पैसे पाण्यात. पन्नास-साठ वर्षांचं रबर आहे ते.

बुश बदलताना एक गोष्ट फार जणांकडून सुटते, म्हणून सावकाश सांगतो. रबरी बुशचा बाहेरचा आणि आतला लोखंडी गोल हे रबराला घट्ट धरून असतात. आर्म वरखाली होताना बुश फिरत नाही, आतलं रबर पिळलं जातं. गाडी हवेत आणि आर्म खाली लोंबकळत असताना तुम्ही बोल्ट आवळला, की रबराची ‘सरळ’ स्थिती तिथेच पक्की होते. मग गाडी जमिनीवर टेकवली की ते रबर उभ्या गाडीतसुद्धा कायम पिळलेलं राहतं. गाडी थोडी उंच बसते आणि बुश लवकर फाटतात. तेव्हा बोल्ट आधी नुसते हातानं लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, पुढूनमागून दोन-चारदा दाबून हलवा, आणि मगच पूर्ण आवळा. रॅम्पवर आडवं पडून आवळायला त्रास होतो, पण करा.

आता माझा मुख्य मुद्दा. गाडी वळणावर बाहेर झुकते तेव्हा बाहेरचं चाक वर दबतं. त्या वेळी त्या चाकाचा माथा आत झुकला पाहिजे, तरच टायरचा पूर्ण तळवा रस्त्याला लागून राहतो. ए-बॉडीत याच्या उलट होतं. स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बुटकं आहे, वरचा आर्म बाहेरच्या बाजूला खाली उतरलेला आहे, त्यामुळे चाक वर जाताना माथा बाहेर ढकलला जातो आणि टायर बाहेरच्या कडेवर चालतो. स्प्रिंग कडक करून तुम्ही एवढंच करता की चाक वर कमी जातं, म्हणजे चूक कमी दिसते. चूक तिथेच राहते आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का पाठीत बसतो. त्यापेक्षा सुमारे बारा मिलीमीटर उंच असा वरचा बॉल जॉइंट बसवा. आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, कोन सुधारतो, आणि तीच स्प्रिंग असतानाही गाडी वेगळी वागायला लागते.

हे शहाणपण नवीन नाही. फोर्डमध्ये क्लाउस आर्निंग नावाचे इंजिनिअर होते. मस्टँगच्या वरच्या आर्मचा आतला आधार एक इंच खाली आणला तर कॅम्बरचं गणित सुधारतं, हे त्यांनी मांडलं, आणि १९६५च्या शेल्बी जीटी३५०मध्ये, म्हणजे मस्टँगच्याच वेगवान आवृत्तीत, ते प्रत्यक्षात आलं. दर बाजूला दोन नवी भोकं, बस्स. आजही घरच्या गॅरेजमध्ये साचा लावून, ड्रिल मारून लोक हे करतात. मस्टँगवाल्यांना या एका बदलाइतकं स्वस्त आणि मोठं सुख दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्प्रिंगांबद्दल बोलू. ए-बॉडीत पुढची स्प्रिंग खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकते, चाकाखाली नाही. त्यामुळे चाकाला जाणवणारा कडकपणा त्या अंतराच्या गुणोत्तराच्या वर्गानं कमी होतो. गुणोत्तर अर्धं धरलं तर चाकापाशी पाव कडकपणा उरतो. म्हणून कॅटलॉगमधला आकडा वाचून दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी ताडू नका. रस्त्यावरच्या गाडीची उसळी सेकंदाला एक ते दीड वेळा असावी. स्प्रिंग दुप्पट कडक केली की ही उसळी ४१ टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच प्रमाणात शॉकअब्सॉर्बरही जास्त रोधाचा लागतो. नवी कडक स्प्रिंग आणि जुना दमलेला शॉकअब्सॉर्बर ही जोडी सगळ्यांत वाईट. गाडी उसळत राहते, टायर रस्ता सोडतो. मिशिगनचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. हिवाळ्यात भेगांत पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि वसंतात डांबर उखडून येतं. अशा रस्त्यावर खर्च करायचा तर आधी चांगल्या गॅसभरल्या मोनोट्यूब (एकाच नळीच्या) शॉकअब्सॉर्बरवर करा. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं मला मुळीच मान्य नाही. कापलेली स्प्रिंग कडक होते आणि त्याच वेळी चाकाला वर जायची जागा कमी होते. मग गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटत चालते.

झुकणं कमी करायचं असेल तर अँटी-रोल बार, म्हणजे डावंउजवं चाक जोडणारा आडवा दांडा, आहे. तो सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकत्र वरखाली झाली तर काही अडवत नाही. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. एक इंचाच्या जागी सव्वा इंचाचा भरीव बार घातला की तो जवळजवळ अडीचपट कडक होतो, त्यामुळे इथेही हाव नको. मागचा बार बहुतेक ए-बॉडींना सुरुवातीला नव्हताच. १९६४च्या ओल्ड्स ४४२ला होता, आणि त्या गाडीचं वळणावरचं वागणं तिच्या भावंडांपेक्षा चांगलं होतं. तो बार मागच्या खालच्या आर्मांना बोल्टनं बसतो, म्हणून ते उघडे पन्हाळी आर्म बदलून बंद पेटीसारखे मजबूत आर्म घालावे लागतात.

मागच्या बाजूला आणखी एक जपा. वरचे दोन आर्म तिरके आहेत, कारण अॅक्सलला डावीउजवीकडे सरकू न देण्याचं काम तेच करतात. गाडी झुकली की या आर्मांना वळावंही लागतं आणि पिळावंही लागतं. रबर ते पिळणं सोसून घेतं. तिथे कडक पॉलियुरेथेनचे बुश घातले की अॅक्सल अडकतो. ओल्या रस्त्यावर, ऐन वळणात, मागची बाजू एकदम सुटू शकते. वर रबर ठेवा, किंवा सगळीकडे फिरणारा गोलाकार जॉइंट असलेले आर्म घ्या.

शेवटी कॉइलओव्हरविषयी, म्हणजे शॉकअब्सॉर्बरभोवतीच स्प्रिंग बसवलेल्या जोडीविषयी, कारण आधीच दोघांनी विचारलं. उंची कमीजास्त करता येते म्हणून ते मोहात पाडतात. पण ए-बॉडीत मागच्या शॉकअब्सॉर्बरचा वरचा आधार गाडीचं वजन पेलण्यासाठी बनवलेला नाही. वजन मूळच्या स्प्रिंगच्या बैठकीवर येतं. कॉइलओव्हर लावले की ते सगळं त्या पातळ आधारावर येतं. तेव्हा मागे ते लावायचेच असतील तर आधी आडवा मजबूत पट्टा वेल्ड करून घ्या, किंवा तो किटमध्ये आहे का ते विचारा. पुढे लावताना भार स्प्रिंगच्या मूळ खोबणीवर घेणारेच निवडा. कुठलंही काम करा, शे-दोनशे मैल चालवून स्प्रिंगा बसल्या की अलाइनमेंट पुन्हा करून घ्या.